सीईटीत गणित पडलं, मग इंजिनिअरिंग झेपेल का?

सीईटीत गणिताचा पर्सेंटाइल घसरला, म्हणून मी इंजिनिअरिंगच्या लायकीचा आहे का, असं तुम्ही विचारलंय. पर्सेंटाइलवरून ते कळत नाही. तिथे गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत उरकायचे असतात, एकाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये एकच गणित पंधरा मिनिटं खातं, आणि त्यातला बराच वेळ आकृतीतच जायला हवा. क्लासवाले हे सांगणार नाहीत, त्यांचं काम सीईटीपाशी संपतं.

त्यापेक्षा कागद घ्या. ५ मीटरची शिडी, वजन २०० न्यूटन, गुळगुळीत भिंतीला टेकवलेली. पाय भिंतीपासून ३ मीटरवर, म्हणजे वरचं टोक ४ मीटर उंचीवर. ती घसरू नये म्हणून जमिनीचं घर्षण किती लागेल? सूत्र शोधू नका. भिंत आणि जमीन पुसा, नुसती शिडी ठेवा आणि तिच्यावरची बलं बाणांनी दाखवा. मधोमध वजन खाली, जमिनीची रिअ‍ॅक्शन (उलट ढकलणारं बल) वर, भिंतीची आडवी, पायाशी घर्षण. पाय भिंतीपासून लांब पळू बघतो, म्हणून घर्षणाचा बाण भिंतीकडे. बहुतेकांचा इथेच उलटा पडतो. काहीजण सवयीने भिंतीलाही घर्षण देतात. गुळगुळीत म्हटल्यावर ते शून्य.

आता पायाभोवती मोमेंट घ्या, म्हणजे प्रत्येक बल गुणिले त्याचं पायापासूनचं लंब अंतर. २०० गुणिले १.५ बरोबर भिंतीची रिअ‍ॅक्शन गुणिले ४. उत्तर ७५ न्यूटन, घर्षणही तेवढंच. जमीन वर ढकलते ती वजनाइतकी, २०० न्यूटन, म्हणजे घर्षण गुणांक (७५ भागिले २००) किमान ०.३७५ हवा. इथे १.५ ऐवजी २.५ घेतलंत, तर शिडीवरून अंतर मोजलंत. वजन खाली ओढतं, म्हणून अंतर आडवं मोजायचं. मग पाय ४ मीटरवर न्या. गुणांक ०.६७ होतो. गणित करायच्या आधीच 'वाढणार' हे तुम्हाला दिसलं असेल, तर पर्सेंटाइल विसरा.

ग्राफिक्सला, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगला, लोक उगाच घाबरतात. साबणाच्या वडीला मागून खाच पाडा आणि समोरून, वरून आणि बाजूने असे तीन व्ह्यू काढा. आपल्याकडे व्ह्यू मांडायची पद्धत फर्स्ट अँगल, म्हणून टॉप व्ह्यू खाली आणि डावा साइड व्ह्यू उजवीकडे. समोरून न दिसणारी खाच तुटक रेघेने. दुसऱ्या दिवशी वडी न बघता त्यावरून आयसोमेट्रिक, म्हणजे तिन्ही बाजू एकत्र दिसणारं चित्र, काढा. पहिल्यांदा चुकेल, सरावाने येतं. शीट जीटी मारून, म्हणजे दुसऱ्याची काचेवर ठेवून गिरवून, पुरी केलीत तर मात्र कधीच येणार नाही. रेघ सुबक नाही म्हणून पोरांची लायकी काढणाऱ्या मास्तरांशी माझं कधी पटलं नाही. रेघ सुधारते. आकृती न काढता सूत्रात आकडे कोंबायची खोड जात नाही, आणि केटी (विषय मागे राहणं) तिच्यामुळेच लागते.

एक मात्र आहे. गणित आवडत नसलं तरी निभतं, पण त्याच्यासमोर तासभर बसवतच नसेल तर इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन जड जातील. आणि कम्प्युटरलाच जायचं असेल तर शिडीऐवजी पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहा. तो चालणार नाहीच. चूक सापडेपर्यंत उठावंसं वाटतं का, तेवढं बघा.