हॅलोविन आणि स्क्रीम, पहिल्या सीनमध्ये जास्त टरकवणारा कुठला आणि का?

स्पॉयलर आहेत, पण दोन्ही सिनेमे इतके जुने झालेत की आता कोणी ओरडू नये.

माझं मत स्क्रीमला. खुनी नेमका कुठंय हे बघणाऱ्याला माहितीये की नाही, सगळा खेळ त्यावर असतो आणि हे दोघं तो बरोब्बर उलटा खेळतात.

हॅलोविन (1978) मध्ये तो कुठंय हे पहिल्या क्षणापासून माहिती असतं, कारण कॅमेरा म्हणजेच तो. जॉन कार्पेंटरने तो साधारण चार मिनिटांचा सीन असा घेतलाय की एका दमात शूट केल्यासारखा वाटतो (मधे जोड आहेत, पण पटकन कळत नाहीत). आधी बाहेरून खिडकीत डोकावणं, मग मागच्या दाराने किचन, ड्रॉवरमधली सुरी, बहिणीचा बॉयफ्रेंड शर्ट चढवत निघून जाईपर्यंत दम धरायचा आणि मग जिना. वर जमिनीवर पडलेला मुखवटा त्याने घातला की पडद्यावर नुसती डोळ्यांची दोन भोकं उरतात. आणि ती बहीण किंचाळायच्या आधी त्याचं नाव घेऊन ओरडते, दार न वाजवता खोलीत घुसलेल्या धाकट्या भावावर ओरडतात तशीच, म्हणजे तिला तो चांगलाच ओळखीचा, आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतोय हे फक्त आपल्यालाच माहिती नाही. वार करताना त्याची नजर तिच्यावरून हलून स्वतःच्या हातातल्या वरखाली होणाऱ्या सुरीकडे जाते, ते मला खुनापेक्षा भयानक वाटतं. शेवटी आईबाप गाडीतून उतरतात, मुखवटा काढतात, तर आत सहा वर्षांचं पोरगं!

स्क्रीम (1996) मध्ये मात्र तो दिसतच नाही, नुसता आवाज. घरात एकटी असलेली मुलगी (ड्र्यू बॅरीमोर) फोन उचलते, सुरुवातीला राँग नंबर, मग गप्पा, थोडं फ्लर्टिंग, आवडता हॉरर पिक्चर कुठला वगैरे, आणि गॅसवर फॉइलच्या भांड्यात पॉपकॉर्न तडतडतंय. मग तो तिचं नाव विचारतो, का म्हणून विचारलं तर सांगतो की बघतोय कोणाला ते कळायला हवं ना. बास, इथून ते सगळं घर बदलतं, जिकडे बघावं तिकडे काचेची दारं आणि पलीकडे मिट्ट काळोख. आपल्याकडे कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूससुद्धा खिडकीला ग्रिल आणि दाराला सेफ्टी डोअर लावतो, त्यामुळे असल्या उघड्यावाघड्या बंगल्यात ती एकटी आहे हे बघूनच मला अर्धं टेन्शन येतं. दिग्दर्शक वेस क्रेवनने तिकडे ते पॉपकॉर्न तसंच गॅसवर ठेवलंय, ती दारं लावत पळतेय आणि फॉइल फुगत चाललंय, फुगत चाललंय, घड्याळ दाखवायची गरजच नाही. फोनवरचा आवाज काढणारा रॉजर जॅक्सन शूटिंगला खरंच फोनवर होता आणि त्याला मुद्दाम नटांच्या नजरेपासून लांब ठेवला होता, ते ड्र्यू बॅरीमोरच्या रडण्यात दिसतं. तीच पोस्टरवर सगळ्यात मोठी, त्यामुळे ही शेवटपर्यंत टिकणार असं धरून आपण बसतो आणि बारा-तेरा मिनिटांत तिचा खेळ खल्लास. हिचकॉकने सायकोत (1960) हेच केलं होतं, पण त्याने निदान जवळपास अर्धा पिक्चर तरी थांबवलं होतं. इथेही आईबाप घरी येतात, पण गळ्याला लागल्यामुळे तिला हाक मारता येत नाही, आई पोलिसांना लावायला फोन उचलते तर त्यात पोरीचा श्वास ऐकू येतो. हॅलोविनमधले आईबाप उशिरा पोचतात, हे वेळेवर पोचूनही काही करू शकत नाहीत.

फ्रायडे द थर्टीन्थ (1980) चा पहिला सीन लोक फार नावाजतात, मला तो हॅलोविनची घाईत मारलेली कॉपी वाटतो.

त्यापेक्षा ब्लॅक ख्रिसमस (1974) बघा, हॅलोविनच्या चार वर्षं आधीचा. त्यातही कॅमेरा म्हणजे खुनीच, तो कॉलेजच्या मुलींच्या घरावर बाहेरून चढून माळ्यावर घुसतो आणि पुढे मुली खाली बडबडत बसल्यात, फोन घेतायत, पार्टी चालूये आणि आपल्याला एकट्यालाच माहिती की तो वर आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहत असाल आणि डोक्यावर लाकडी माळा असेल तर मात्र दिवसा बघा.