ब्रिटनमध्ये गळाने पकडलेला सर्वांत मोठा सॅमन कुणाच्या नावावर आहे?

जॉर्जिना बॅलंटाइन हिच्या. ७ ऑक्टोबर १९२२, स्कॉटलंडमधली टे नदी. वल्ही वडिलांच्या हातात, रॉड हिच्या. संध्याकाळी मासा लागला आणि प्रवाहाबरोबर सुसाट सुटला. दोन तासांहून जास्त झटापट चालली. होडीत घेतला तेव्हा पार अंधार पडला होता. वजन ६४ पौंड, म्हणजे साधारण २९ किलो! शंभर वर्षं उलटली तरी तो विक्रम मोडलेला नाही.

स्कॉटलंडमधल्याच पर्थ शहरातल्या एका दुकानाच्या काचेत मासा मांडला, तेव्हा बघ्यांतला एक म्हातारा म्हणाला, असला मासा बाईमाणसाच्या हातून निघणं शक्यच नाही. ही मागेच उभी होती म्हणे. मासा पुढे पर्थच्या इस्पितळाला दिला, तिथल्या जेवणात संपला.