स्कॉलर ११, स्कोपस ७: खुलासा लिहिण्याआधी यादी तपासा

‘गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स ११, स्कोपसवर ७, कार्यालय तफावतीचा खुलासा मागतंय, आणि मेंडली या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरवरचे ४०० वाचक कुठे दाखवू?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि सहा वर्षांपूर्वीची माझीच पदोन्नतीची फाइल डोळ्यांपुढे आली.

एच-इंडेक्स कसा काढतात ते तुम्हाला ठाऊक असणारच: ११ म्हणजे प्रत्येकी किमान ११ सायटेशन (इतर लेखनात आलेले उल्लेख) असलेले ११ निबंध. तफावत हा दोष नाही. स्कोपस हा संशोधन-निबंधांचा डेटाबेस निवडक स्रोतच मोजतो. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (छपाईआधी ऑनलाइन टाकलेले मसुदे), अहवाल सगळं धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा येतो. खुलाशात एवढंच लिहा.

पण त्याआधी, कळकळीने सांगते, स्कॉलरची यादी एकेक निबंध उघडून तपासा. मी प्रोफाइल केलं तेव्हा ‘नवे लेख आपोआप जोडा’ हा पर्याय तसाच राहू दिला. माझंच आडनाव, तीच आद्याक्षरं असलेली एक व्यक्ती वेगळ्याच विषयात संशोधन करते. तिचे नऊ निबंध माझ्या यादीत येऊन बसले होते, त्यातल्या दोन निबंधांना भरपूर सायटेशन. मी वरचा आकडा पाहिला, अर्जात भरला, सही केली. छाननीत ते उघडकीला आलं.

मी चूक लगेच कबूल केली, ते निबंध काढले, सुधारित यादी दिली. पण कार्यालयाला यादी नको होती, रकान्यात बसणारा एकच आकडा हवा होता. आधी स्कॉलरचा मागितला, मग स्कोपसचा, मग दोन्हींचे स्क्रीनशॉट सही-शिक्क्यासह. स्कोपसवर माझे दोन ऑथर आयडी (लेखक-क्रमांक) झालेले, म्हणून निबंध विभागले गेले होते. ते एकत्र करून घेतल्यावर आकडा वाढला, तर ‘आकडा का बदलला’ म्हणून नवं पत्र! पदोन्नतीची ती फेरी गेली. चूक माझी होती, हे मान्य. पण मूल्यमापन हेच ज्यांचं काम, त्यांच्यापैकी एकानेही माझा एकसुद्धा निबंध उघडू नये, याचा राग अजून जात नाही. संशोधनाच्या मूल्यमापनात आकडे कसे वापरावेत यावरच्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात स्पष्ट आहे की ज्याचं मूल्यमापन होतं त्याला आकडेवारी पडताळू द्यावी, आणि व्यक्तीचं मूल्यमापन तिचं काम पाहून, गुणात्मक निर्णयाने करावं. खुलाशात याचा उल्लेख जरूर करा. मला तेव्हा हे माहीत नव्हतं.

आकडा लिहाल तिथे स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहाच. त्याच दिवशी स्कॉलरची यादी सीएसव्हीमध्ये उतरवून ठेवा. प्रीप्रिंट आणि छापील निबंध वेगळे दिसत असतील तर आधी एकत्र करा. ऑर्किड (ORCID, संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) नसेल तर आजच काढा. नामसाधर्म्याचा घोळ पूर्ण मिटत नाही, पण तो १६ अंकी क्रमांक पुरावा म्हणून दाखवता येतो.

मेंडलीचे ४०० म्हणजे तितक्या जणांनी निबंध आपल्या संग्रहात ठेवला. वाचला की नाही, ते कळत नाही. तो आकडा सायटेशनच्या रकान्यात मुळीच घालू नका, वेगळ्या ओळीत द्या. बातम्या, समाजमाध्यमं यांतली चर्चा मोजणाऱ्या ऑल्टमेट्रिक स्कोअरचंही तेच: वादग्रस्त निबंधाचाही तो वाढतो.

मी समाजशास्त्रातली आहे. गणितात किंवा मानव्यविद्यांत सायटेशनचा वेग निराळा असतो, आणि तुमच्या संस्थेचा नियम स्कोपसच म्हणत असेल तर ७ च लिहा, ११ खाली टिपेत द्या. यादी तपासताना एखादा निबंध तुमचा की दुसऱ्याचा असा संभ्रम पडला, तर इथे विचारा.