हलकी रायफल, ओली हळद आणि नळीतली माती

खंडेनवमी झाली की पुढचा महिनाभर माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या, जिवाजीगंजातल्या जुन्या मराठी घरांत वर्षभर कपाटात पडून असलेली रायफल त्या दिवशी बाहेर निघते, पूजा होते, घरातले चार जण ती उचलून बघतात आणि मग शंका सुरू होतात. यंदा बहुतेक पत्रं हलक्या बोल्ट-ॲक्शन रायफलींबद्दल आहेत, म्हणजे बोल्ट (खिटी) हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायच्या, म्हणून एकत्रच उत्तरं देतो. पत्रातला प्रश्न आधी, त्याखाली माझं उत्तर. मात्र रायफल हातात न घेता दिलेलं उत्तर अर्धंच असतं. उरलेलं अर्धं आर्मररच्या, म्हणजे बंदुका तपासून दुरुस्त करणाऱ्याच्या, टेबलावर मिळतं.

माझ्याकडे वडिलांची .30-06 काडतुसाची रायफल आहे, वजन तीन किलोच्या आसपास. तशीच रायफल असलेल्या चौघांना विचारलं. एक म्हणतो खांदा मोडते, दुसरा म्हणतो इतकी सुखाची रायफल नाही, तिसरा म्हणतो चौथी गोळी भरकटते, चौथा म्हणतो नेम एकदम पक्का. कोणाचं खरं मानू?

चौघांचंही, पण प्रत्येकाने ती कशी वापरली ते आधी विचारा. ज्याने ती खांद्यावर टाकून दिवसभर पायपीट केली आणि दोनच गोळ्या झाडल्या, त्याला ती सुखाची वाटणारच. जो रेंजवर टेबलाशी बसून वीस गोळ्या झाडतो, त्याचा खांदा संध्याकाळी काळानिळा होतो. काडतूस तेच ठेवून रायफल चार किलोवरून तीन किलोवर आणली की मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. यात मताचा प्रश्न नाही, हा साधा हिशेब आहे.

चौथ्या गोळीचंही कारण आहे. वजन कमी करायचं तर पहिली कात्री नळीवर चालते. बारीक नळी तीन-चार गोळ्यांत तापते, तापली की किंचित वाकते आणि गोळी दुसरीकडे लागते. नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा आणि मग पुढची झाडा. पावसाळ्यात नेम बिघडत असेल तर दस्त्याकडे बघा. ओल पिऊन लाकूड फुगतं आणि नळीला एका बाजूने दाबतं. रायफल रिकामी करून नळी आणि लाकूड यांच्यामधून दहाची नोट सरकवून बघा. नळी मोकळी ठेवलेल्या रायफलीत ती अडू नये. मॅनलिखर-शोनाउअरसारखी नळीच्या टोकापर्यंत लाकूड असलेली जुनी रायफल असेल तर ही चाचणी लागू नाही. तिथे घरी पॉलिशपेपर घेऊन बसू नका, ती दाखवायला आणा.

आणि वर्षाला पाच गोळ्या झाडणाऱ्याच्या मतावर रायफल विकायला काढू नका. रेंजवर प्रशिक्षकाला मागे उभं करून स्वतः झाडा. धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटत असतील तर दोष नेमबाजाचा असतो, आणि तो डमी काडतुसांच्या सरावाने जातो.

फिनलंडची टिक्का टी3 घ्यावी का? नेटवर सगळे फार स्तुती करतात.

रायफल उत्तम आहे, पण सर्वसाधारण परवानाधारकाला ती आयात करता येत नाही. ती सवलत मुख्यतः मान्यताप्राप्त नामवंत नेमबाजांना आहे. "आणून देतो, कागदांचं मी बघतो" म्हणणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.

आजोबांच्या रायफलीवर .275 असं कोरलंय. दुकानदार 7 एमएमची काडतुसं देतो म्हणतो. चालतील का? घरात म्हणतात ही कॉर्बेटच्या रायफलीची बहीण.

.275 रिग्बी आणि 7×57 माऊजर हे काडतूस एकच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर 1907 साली शिकारी जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल .275 रिग्बीच होती, त्यामुळे घरातलं म्हणणं शक्य आहे. पण .275 एच अँड एच मॅग्नम हे वेगळं आणि मोठं काडतूस आहे, आणि "7 एमएम" नावाची तर कितीतरी काडतुसं आहेत. नळीवरचा पूर्ण शिक्का वाचा, नुसता आकडा नको.

हाच घोळ .315 च्या बाबतीत होतो. इंग्रजांनी लष्करी .303 नागरिकांना बंद केली, म्हणून त्याच ली-एनफील्ड घाटाच्या रायफली इथल्या लोकांसाठी 8×50 मॅनलिखरच्या, बुडाला कड असलेल्या काडतुसात निघाल्या. आपली सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची .315 त्याच वंशातली. तिला "8 एमएम" म्हणतात म्हणून 8 एमएम माऊजरचं काडतूस तिचं होत नाही. "बसतंय ना, मग चालतं" असं सांगणाऱ्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नका. शिक्का अर्धवट झिजला असेल तर चेंबरचं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेचं, माप घेतल्याशिवाय एकही काडतूस भरू नका.

ऑर्डनन्स फॅक्टऱ्या बंद झाल्या, आता .315 चे सुटे भाग मिळणार नाहीत असं ऐकलं.

बंद झालेल्या नाहीत. 1 ऑक्टोबर 2021 पासून त्यांच्या सात कंपन्या झाल्या, आणि रायफलींचं काम कानपूरला मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आहे. परवानाधारक विक्रेत्यामार्फत मागणी नोंदवा. दुसऱ्याच्या रायफलीचा बोल्ट मात्र आपल्या रायफलीत घालू नका. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच हवा.

रायफल हलकी करण्यासाठी एक मिस्त्री नळी चार इंच कापून देतो म्हणतो.

हा गुन्हा आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 नुसार त्यासाठीच्या परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. तुम्हीही अडकाल आणि तोही. वजनच खुपत असेल तर रुंद पट्टा लावा.

पूजेला रायफलीला हळदीकुंकू लावलं, नंतर पुसून ठेवली. आता नळीत काहीतरी काळपट दिसतं. ओळखीचे एक जण म्हणतात, एक फायर करा, आपोआप साफ होईल.

करू नका. कृपा करून करू नका. हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की याचं उत्तर सविस्तरच देतो.

काडतूस उडालं की .30-06 सारख्या रायफलीच्या चेंबरमध्ये दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरातला दाब तयार होतो. नळी मोकळी असेल तर गोळी पुढे पळते आणि दाब उतरत जातो. वाटेत काही अडलेलं असेल तर गोळी तिथे क्षणभर अडखळते, मागून वायूचा रेटा येतच असतो, आणि त्या जागी पोलाद बाहेर फुगतं. जाड नळी एखादे वेळी फुगून थांबते. हलक्या रायफलीची नळी तोंडाकडे मुळातच पातळ असते, ती फाटते. त्या वेळी डावा हात कुठे असतो ते आठवा.

अडथळा मोठाच असायला हवा असं नाही. पुलथ्रू (नळी पुसायची दोरी) ओढताना तुटून आत राहिलेली चिंदी पुरते. थिजलेल्या ग्रीसचा गोळा पुरतो. भिंतीवरच्या खुंट्यांवर रायफल टांगलेली असेल तर पावसाळ्यात कुंभारीण माशी नळीच्या भोकात मातीचं घर करते, आत अळी ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. बाहेरून पाहिलं तर नळीत नुसता अंधार दिसतो. मागे एका तरुणाने आणलेल्या रायफलीच्या तोंडापासून वीतभर खाली बोट फिरवलं की एक गोल उंचवटा हाताला लागायचा, आणि आतून बघितलं तर त्याच जागी काळी अंगठी दिसायची. त्याच्या काकांनी "साफ करायला" एक गोळी झाडली होती. ती नळी पुन्हा कधीच वापरता येणार नाही. काकांच्या हाताला काही झालं नाही, हे त्यांचं नशीब.

म्हणून क्रम सांगतो. आधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा आणि चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नळीच्या तोंडापुढे उजेडात पांढरा कागद धरा आणि मागच्या बाजूने आत बघा. नळीच्या आत कोरलेल्या खाचांच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग चकाकल्या पाहिजेत. अडथळा, डाग किंवा अंगठी दिसली तर तिथेच थांबा. लोखंडी सळई घालून ठोकू नका, खाचा खरवडतात आणि अडथळा अजून घट्ट बसतो. तशीच आर्मररकडे आणा.

पूजेबद्दल सांगतो, कारण ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. गंध-हळद दस्त्याच्या लाकडावर लावा, पोलादावर नको. ओल्या हळदीखाली एका रात्रीत तांबेरा धरतो. अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या बोल्ट बंद असताना वाहा, आणि पूजा उतरवल्यावर बोल्टची खाच झटकून घ्या. तोंडाला बूच लावून ठेवायची पद्धत काही घरांत आहे, ती सोडा. आत ओल कोंडते, आणि बूच काढायचं विसरणारे लोक आहेत.

बोल्टला सरसूचं तेल चालतं का? आमच्याकडे पूर्वीपासून तेच लावतात.

नाही. ते चिकट होऊन थिजतं, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीच्या थंडीत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आपटणारी सुई, हळू पडते. बंदुकीचं पातळ तेल लावा, तेही थेंबभर. जुनी काडतुसं वापरली असतील तर तेलाआधी नळी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. जुन्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचं मागे मीठ उरतं. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही.

ऑनलाइन स्वस्तात दुर्बीण घेतली, पहिल्याच गोळीला भुवई फुटली.

आधी टाके नीट भरू द्या. ती दुर्बीण एअरगनची असणार. "सगळ्या रायफलींना चालते" असं खोक्यावर छापायला कोणाला काही लागत नाही. हलक्या रायफलीवर डोळा आणि काच यांत निदान नऊ सेंटिमीटर अंतर मिळालं पाहिजे. बसवून घ्या, स्वतः बसवू नका.

ग्वाल्हेरजवळच्या डबरा गावाशी शेत आहे. रोजडे (नीलगायी) आणि रानडुकरं गहू लोळवतात. परवान्याची रायफल आहे, मग मारायला हरकत काय?

हरकत कायद्याची आहे. शस्त्र परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली दोन्ही प्राणी संरक्षित आहेत. पिकाच्या नुकसानीसाठी कलम 11 मध्ये वाट आहे, पण अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच. नुकसानीचा पंचनामा करून घ्या, वन विभाग आणि एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात अर्ज द्या. सरपंचांची तोंडी संमती उपयोगाची नाही. आणि लक्षात ठेवा, .30-06 ची चुकलेली गोळी शेताच्या बांधावर थांबत नाही, पुढच्या वस्तीपर्यंत जाते.

मुलाच्या वरातीत हवेत एक बार काढला तर?

2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि खाली वऱ्हाड असतं.

वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. परवाना त्यांच्या नावावर, रायफल कपाटात कुलूपबंद. वर्षश्राद्ध झालं की बघू असं आई म्हणते.

आईंना माझा नमस्कार सांगा, पण इतकं थांबता येत नाही. परवानाधारक गेला की ते शस्त्र घरात ठेवणं कायदेशीर राहत नाही. कुलूप लावलंय हा बचाव नव्हे. कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. शस्त्र घेऊन निघण्याआधी ठाण्यात जाऊन मृत्यूचा दाखला आणि परवाना दाखवा, कसं आणायचं ते विचारा. ठाण्याच्या मालखान्यात (जप्त आणि जमा वस्तूंच्या कोठारात) तेलपाणी कोणी करत नाही, म्हणून विक्रेत्याकडे शुल्क भरून ठेवलेलं बरं. नंबर आणि अवस्था लिहिलेली पावती घ्या, फोटो काढा.

मग वारस म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. भावा-बहिणींची लेखी संमती आत्ताच घ्या, बहुतेक फायली तिथेच अडकतात. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं मिळणार नाही, 2019 पासून मर्यादा दोनची आहे. मग घरातल्या दुसऱ्या पात्र वारसाने अर्ज करावा.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यासाठीही सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार धारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली असतील किंवा शस्त्र पंचवीस वर्षं जवळ असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. वडिलांच्या परवान्याची मुदत आज रात्रीच बघा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी द्या, आणि फाइल भरण्यापूर्वी कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत किंवा वकिलाकडे एकदा कागद तपासून घ्या.