निळ्या नकाशावर पांढऱ्या रेषा कशा?

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत घराचा जुना नकाशा सापडला. कागद निळा, रेषा पांढऱ्या. तेव्हा पांढरी शाई मिळायची का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शाई कसली, ती उन्हाची करामत! १८४२ साली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही रीत शोधली. कागदाला फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड लावायचं, वर पारदर्शक कागदावरचं काळं रेखाटन ठेवून उन्हात धरायचं. ऊन पडतं तिथे सायट्रेट आपला इलेक्ट्रॉन लोखंडाला देऊन बसतं आणि स्वतः मोडतं. बदललेलं लोखंड फेरिसायनाइडशी जुळलं की प्रशियन निळा हा गडद निळा रंग तयार. रेषांच्या सावलीतलं रसायन पाण्याने धुऊन जातं, म्हणून त्या पांढऱ्या.

याच्याच भावकीतलं, लोखंड आणि ऑक्झलेट असलेलं पोटॅशियम फेरिऑक्झलेट मी बरीच वर्षं मुलांकडून करून घेतलं. पाचूसारखे हिरवेगार स्फटिक! एकदा एक बशी खिडकीत राहिली. जेवून येऊन पाहतो तर वर पिवळी पूड. मुलगा रडवेला झाला, मला मात्र आयता धडा मिळाला. उजेडात मोडण्याच्या याच गुणामुळे प्रयोगशाळेत त्याने प्रकाश मोजतात. हॅचर्ड आणि पार्कर यांनी १९५६ मध्ये ती पद्धत पक्की केली. गंमत अशी, की अतिनील प्रकाशाचे १०० कण शोषले की लोखंडाचे सुमारे १२० आयन (विद्युतभार असलेले अणू) बदलतात. मोडलेला ऑक्झलेट जाता जाता दुसऱ्या लोखंडालाही इलेक्ट्रॉन देऊन जातो ना!

तुमचा नकाशा धुण्याच्या सोड्यापासून लांब ठेवा. त्याने निळा रंग उडतो.