डावा बाण लागत नाही, मालकाला कसं पटवू?

प्रश्न: दादा, मी रत्नागिरीचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथल्या एका गेम झोनमध्ये डान्सचं मशीन आहे, स्क्रीनवर बाण येतात आणि आपण पायाने दाबायचे ते. आम्ही चार-पाच जण दर शनिवारी जातो. सहा महिने झाले, उजव्या पॅडचा डावा बाण नीट लागतच नाही, आपटावा लागतो, आणि स्क्रीन बदलल्यापासून सगळंच उशिरा लागतंय असं वाटतं. काउंटरवर सांगितलं की "बघतो" म्हणतात. एकदा मित्राने आवाज चढवला तर "नको तर खेळू नका" ऐकून आलो. एका गेमचे साठ रुपये जातात हो! गूगलवर एक स्टार देऊन टाकू का?

उत्तर: थांब रे बाबा, स्टार कुठे पळून जात नाही. एकदा दिलास की मालक तुझ्याशी बोलणार नाही, आणि मशीनची चावी त्याच्याकडे आहे.

आधी त्याच्या बाजूने बघ. मालकाच्या डोक्यात मशीनच्या दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. लाइट लागतायत, गाणं वाजतंय, लहान पोरं वर चढून उड्या मारतायत, म्हणजे चालू. तुझं दुखणं मधलं आहे, चालू पण खेळता येत नाही असं, आणि ते त्याला दिसतच नाही कारण तो स्वतः कधी पॅडवर चढलेला नाही. त्यामुळे "मशीन खराब आहे" म्हटलंस की त्याला वाटतं पोरगा हरला म्हणून बोंबलतोय.

त्याला दाखवायचं. कॉइनच्या दाराच्या आत टेस्ट आणि सर्व्हिस अशी बटणं असतात, टेस्टमध्ये गेलं की इनपुट बघायचं पान मिळतं, तिथे बाण दाबला की स्क्रीनवर खूण उमटते. दुपारी गर्दी नसताना जा आणि काउंटरवरच्या मुलीला नाही, चावी ज्याच्याकडे आहे त्यालाच म्हण, "काका, दोन मिनिटं दार उघडाल का, एक गंमत दाखवतो." मग त्यालाच पॅडवर उभं कर. तो मधोमध पाय ठेवेल, खूण येईल, तो म्हणेल लागतंय की. मग कडेला ठेवायला सांग. एका बाणाखाली साधारण चार सेन्सर असतात, कडांना लागून, दाबले की आतल्या पट्ट्या टेकतात आणि सिग्नल जातो. एक कड मेली की मधे जड माणसाला लागतं आणि कडेवरून खेळणाऱ्याला नाही. हे काकांनी स्वतःच्या चपलेखाली अनुभवलं की अर्धं काम झालं.

आता आपल्याकडचं खास. मांडवीच्या किनाऱ्यावर फिरून आलेली मंडळी चपलेतल्या वाळूसकट पॅडवर चढतात, ती वाळू फटीतून आत जाते, वर खारी हवा आणि चार महिने पाऊस, म्हणजे स्क्रू गंजणारच. मी एकदा असं एक पॅनल उघडताना बघितलंय, आतून मूठभर वाळू, एक लॉलीपॉपची काडी आणि गंजून चिकटलेला स्क्रू निघाला, तो काढायला पाऊण तास गेला. म्हणून पहिली मागणी स्वस्तातली ठेव: पॅडसमोर काथ्याचं जाड पायपुसणं टाका. याला नाही म्हणायला कुणालाच जड जात नाही, आणि एकदा हो म्हटलं की पुढचं सोपं.

मग एक कागद दे. उजवा पॅड, डावा बाण, आतली कड, इतकं नेमकं. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून पॅनल उघडायचं, वाळू ब्रशने काढायची, कनेक्टर मोबाइल रिपेअरवाले वापरतात त्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसायचे. तेलाचा स्प्रे मात्र मारू देऊ नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. आणि तुम्ही स्वतः पाना घेऊन बसू नका, करंट लागला किंवा काच तडकली तर तुमच्याच गळ्यात येईल. त्याच्या माणसाने उघडायचं, तुम्ही बाजूला उभं राहून सांगायचं.

उशिराचं म्हणालास, ते बहुतेक नवीन टीव्हीचं आहे. टीव्ही चित्र सुधारायला वेळ घेतो, तेवढ्यात गाणं पुढे जातं. सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो लावून बघा, पैसे लागत नाहीत.

जाताना मशीन कुठलं ते बघून घे. चार बाण पुढे-मागे-डावे-उजवे असतील तर जपानच्या कोनामी कंपनीचं 'डान्स डान्स रेव्होल्यूशन', १९९८ पासूनचं घराणं, आणि चार तिरके बाण व मधे पाचवं बटण असेल तर कोरियन 'पंप इट अप', ते १९९९ पासूनचं. पार्ट मागवताना हे विचारतातच. हुबेहूब नक्कलही असते, तेव्हा मागच्या पाटीचा फोटो काढ.

एवढं करूनही "नको तर खेळू नका" आलं तर त्या दिवशीचे साठ रुपये शांतपणे परत माग. दिले नाहीत तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि मग तुझा तो स्टार. पण मला वाटत नाही तितकं होईल. मेमध्ये आणि गणपतीत मुंबईकर येतात, त्यांची पोरं असली मशीनं मॉलमध्ये खेळलेली असतात आणि डावा बाण मेलेला त्यांना पहिल्या गाण्यात कळतो, हे काकांना जरूर सांग.

प्रश्न: कुडाळला आमचं छोटं गेम पार्लर आहे. पावसाळ्यात डान्स मशीन बंद ठेवतो, तरी गणपतीत चालू केलं की दरवर्षी दोन-तीन बाण गेलेले. मुलं तोडतात का?

उत्तर: ताई, मुलं नाहीत हो, तुमचं बंद ठेवणंच. इतके दिवस गार पडून राहिलं की ओल आत मुरते. रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने कोरडं राहतं. प्लास्टिक घट्ट गुंडाळत असाल तर ते काढा, आत घाम धरतो, जुनी चादर टाका. आणि कोणी चांगलं खेळणारं पोरगं दारात येऊन "काकी, हा बाण लागत नाही" म्हणालं तर त्याला हाकलू नका, चहा पाजा.