पाच महिने बेंचवर

प्रश्न : इंजिनिअरिंग संपवून आयटी कंपनीत लागले. तीन महिने जावाचं ट्रेनिंग झालं, तेव्हापासून पाच महिने बेंचवर आहे, म्हणजे प्रोजेक्टच मिळालेलं नाही. रोज कार्ड पंच करायचं, मेल बघायचे, कुणाची तरी एक्सेल शीट भरायची. पगार वेळेवर येतो, म्हणून घरी तक्रारही करता येत नाही. शिकलेलं विसरत चाललेय. नोकरी सोडू का?

उत्तर : दुसरं ऑफर लेटर हातात येईपर्यंत तरी नको. मीही सुरुवातीचे सात महिने असेच काढलेत. कंपन्या प्रोजेक्ट पक्कं होण्याआधीच भरती करून ठेवतात. क्लायंटची सही लांबली की नवी मुलं लटकतात. त्यात तुझी खोट नाही. पण प्रोजेक्ट वाटणारा माणूस तुला ओळखत नसतो, त्याच्यासमोर फक्त तुझी स्किलची नोंद असते. ती उघडून बघ. माझ्या नोंदीत सहा महिने नुसतं ‘फ्रेशर’ होतं!

मग मी शेजारच्या टीमलीडला गाठलं आणि पडून राहिलेले बग, म्हणजे कोडमधल्या चुका, दुरुस्तीला मागितले. (मॅनेजरला विचारून हं, कोडचा ॲक्सेस परस्पर घ्यायचा नसतो.) पहिला बग तारखेच्या फॉरमॅटचा. दुरुस्ती दोन ओळींची, शोधायला चार दिवस. पुढे त्याच टीमने मला मागून घेतलं.

सपोर्टचं, म्हणजे चालू सॉफ्टवेअर सांभाळायचं काम आलं तर नाक मुरडू नकोस, दुसऱ्याचा कोड वाचायची सवय तिथेच लागते. रोज तासभर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कर. आणि बॉण्डवर (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर) सही केली असशील, तर राजीनाम्याचा मेल लिहिण्याआधी त्यातली कलमं नीट वाच.